अंड्याची जात

पोरांच्या चित्रपुस्तकांवर लिहायचं म्हणजे काहींना चैन वाटेल. इकडे खटले पडलेत, वस्त्या जळतायत, आणि हा बदकांच्या गोष्टी सांगतोय! पण मित्रांनो, मनुस्मृती वाचून कुणी मनुवादी होत नाही. तो आधी गोष्ट ऐकतो, चित्र बघतो, मग मोठा होतो. म्हणून चित्रपुस्तक तपासणं हे चळवळीचंच काम आहे.

सध्या एका उपदेशाची चलती आहे : 'तू वेगळा आहेस, स्वतःला आहे तसा स्वीकार.' ऐकायला गोड. पण हा उपदेश आपल्या पोरांच्या हातात द्यायचा का, हा माझा प्रश्न आहे.

या सगळ्या पुस्तकांची आजी म्हणजे अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट. १८४३ सालची. गदिमांच्या गाण्यामुळे ती महाराष्ट्रात घरोघर गेली. पिल्लू कुरूप म्हणून त्याला टोचलं, हाकललं. शेवटी ते राजहंस निघतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या कशापायी? त्याला कुणी बदक म्हणून माणुसकीनं वागवलं का? नाही. त्याचं अंडं वरच्या जातीचं निघालं! म्हणजे छळ चूक नव्हता, फक्त माणूस ओळखण्यात गफलत झाली. आणि ते खरंच कुरूप बदक असतं तर? तर गोष्टच नाही. अँडरसन स्वतः जोडे शिवणाऱ्याचा आणि धुणं धुणारीचा पोर. त्याच्या देशात ही गोष्ट गरिबाच्या वर येण्याची असेल. आपल्याकडे आली की ती अंड्याची, म्हणजे जन्माची गोष्ट होते. कर्णाची कथा तरी दुसरं काय सांगते? सूतपुत्र शूर कसा, तर तो मुळात क्षत्रिय!

दुसरं पुस्तक एल्मर हत्तीचं. डेव्हिड मॅकी यांचं, १९६८ सालचं. कळपातले सारे हत्ती करडे, हा एकटा रंगीबेरंगी ठिगळांचा. कंटाळून तो स्वतःला करडं फासून घेतो. पुढे पावसानं रंग धुतला जातो, सगळे हसतात, आणि ठरतं की वर्षातून एक दिवस सगळ्या हत्तींनी रंगून घ्यायचं. पुस्तक देखणं आहे, पोरं खिदळतात. पण वर्षातून एक दिवस! १४ एप्रिलला फोटोला हार घालणारे साहेब मला त्या कळपात दिसतात. १५ तारखेला सगळे पुन्हा करडे.

मी मुळशीतल्या एका कातकरी वाडीवर पुस्तकं घेऊन जातो. खाली मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा आहे. दासव्याच्या मातीवर इटलीतल्या पोर्तोफिनोची नक्कल. आमच्या जमिनी गेल्या, अशा तक्रारी इथल्या कातकऱ्यांनी, शेतकऱ्यांनी केल्या. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायची नोटीस काढली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्यात गेली. घरं मात्र उभी आहेत, रंगीत, ओळीनं, पाण्यात पडछाया. एकदा मी ठिपकेवाल्या पिल्लाचं पुस्तक उघडलं. ते पिल्लू कसं वेगळं, ते मी रंगवून सांगत होतो. एका पोरीनं पिल्लाकडे बघितलंच नाही. मागच्या रंगीत घरांवर बोट ठेवून म्हणाली, "ही तं खालची घरं. माझी आय तिथं झाडाया जाती."

इथंच सगळी मेख आहे. या पुस्तकांत वेगळेपण अंगावर असतं : ठिपका, पट्टा, वाकडी चोच. पोरीला दिसलेला फरक अंगावर नव्हताच. तो घर कुणाचं आणि झाडू कुणाच्या हातात, यात होता.

जातीला रंग नसतो. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या पोराच्या अंगावर कसला ठिपका होता? काही नाही. त्याचं वेगळेपण म्हणजे बसायचं गोणपाट, जे त्यानं घरून आणायचं नि घरी न्यायचं. त्याचं वेगळेपण म्हणजे तो नळ, जो शिपायानं उघडल्याशिवाय त्याला पाणी नाही. त्या पोराला 'स्वतःला स्वीकार' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? गोणपाट स्वीकार?

'ज्याचा त्याचा धर्म, ज्याची त्याची जागा' हा इथला जुनाच पाठ आहे. त्यालाच नवीन रंगीत कपडे घातले तर आपण फसायचं का? बाबासाहेबांनी १९२७ ला महाडचं पाणी उचललं ते 'आम्ही वेगळे, पण गोड' असं सांगायला नव्हे. १९३५ ला येवल्यात त्यांनी जन्मानं मिळालेला धर्म मरणापर्यंत न्यायला नकार दिला, आणि १९५६ ला नागपुरात तो नकार पुरा केला. आपली परंपरा ही अशी नकाराची आहे.

पण इथं थांबलं तर अर्धंच बोललो. आपली पोरं आपला रंग, आपलं आडनाव, आपली बोली लपवतात. त्यांना स्वतःची लाज वाटता कामा नये. १९७२ ला पँथरनं 'दलित' हा शब्द छातीवर लावला तो याचसाठी. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. स्वतःला स्वीकारणं वेगळं, आणि दुसऱ्यानं दिलेल्या जागेला स्वीकारणं वेगळं. पहिलं पोरांना द्या, दुसऱ्याला लाथ मारायला शिकवा. आणि बदलायचं ओझं कुणावर? या पुस्तकांत टोचणारी बदकं कधी माफी मागत नाहीत. मन मोठं करायचं ते टोचून घेणाऱ्यानं!

दुसऱ्या तऱ्हेचं चित्रपुस्तक होऊ शकतं. 'भीमायन' २०११ साली आलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची तहान चितारली. त्यात मायेचे शब्द पाखराच्या आकारात येतात आणि विखारी शब्दांना विंचवाची नांगी असते. विष पोराच्या अंगात नाही, बोलणाऱ्याच्या तोंडात आहे, हे चित्रानंच सांगितलं. उपदेशाचं एक वाक्य लागलं नाही.

म्हणून विहारात, अभ्यासिकेत पुस्तकं मांडताना तीन गोष्टी तपासा. वेगळेपण कुणी लादलं ते दिसतं का? शेवटी बदलतं कोण? आणि नायक हंस निघाला नसता तरी त्याला तळ्यावर हक्क मिळाला असता का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तरी पुस्तक फाडू नका. पोरांपुढे उघडा आणि हाच प्रश्न त्यांना विचारा. मग ज्यांना रेषा येते त्यांनी कागद घ्यावा, नि गोणपाट काढावं, नळ काढावा, लवाशातला झाडू काढावा.