रावेरीचा गहू, बहिणीचा वाटा

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरी गावी सीतेचे देऊळ आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही, एकटी सीता. गावात पिढ्यानपिढ्या सांगतात ती गोष्ट अशी: रामाने सोडल्यावर ती इथे आली, लव-कुश इथेच जन्मले. ओल्या बाळंतिणीने दारोदार पसाभर गहू मागितले. कुणी दिले नाहीत. तिने शाप दिला, या शिवारात गहू पिकणार नाही. संकरित वाण येईपर्यंत रावेरीत खरोखरच गहू होत नव्हता, असे जुनी माणसे सांगत. शेतीशास्त्र त्यावर काय म्हणेल ते म्हणो. सोडले रामाने आणि शाप मिळाला गावाला, एवढे मात्र या गोष्टीत स्पष्ट आहे.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करवून घेतला, तो भक्तीपोटी नव्हे, टाकलेल्या बायकांच्या प्रश्नापोटी. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका जमल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९८८ मध्ये, संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. तिच्यामागे असलेल्या वकील-कार्यकर्त्या निशा शिवूरकर यांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या नावाने तो सगळा प्रवास लिहून ठेवला. तिकडे सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर परित्यक्तांना गावोगाव संघटित करत होत्या. या बायका काय मागत होत्या? नवऱ्याला शिक्षा ही मागणी होती, पण तेवढीच नव्हती. रेशनकार्ड, घराला जागा, कसायला जमीन, पोटगी. लग्न मोडल्यावर आयुष्य कशावर उभे राहते, याचा इतका रोकडा हिशेब त्याआधी क्वचितच कुणी मांडला असेल.

शहरात लग्न मोडते तेव्हा बहुधा कागदावर मोडते. खेड्यात ते नुसतेच थांबते. ‘आणून सोडली’ एवढेच कानावर येते. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे १३ लाख ६० हजारांच्या घरात होती. घटस्फोट न होता विभक्त राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. दोन्हींत बायका पुरुषांच्या दुप्पट. कारण उघड आहे. पुरुष पुन्हा संसार थाटतो आणि ‘विवाहित’च्या रकान्यात परत जातो. कायद्याने दुसरे लग्न गुन्हा ठरते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, आणि पंगतीलाही सगळे असतात.

बाईचे नाव मात्र सासरच्या रेशनकार्डावर राहते. ते तिथून कमी केल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही, आणि कमी करायला ज्यांनी हाकलले त्यांचीच मदत लागते. माहेरच्या कार्डावर चढले, तर धान्य मिळते, पण कागदोपत्री ती भावाच्या कुटुंबात जाते. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या बायकांची सोय आहे, दरमहा १,५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. कुटुंब कुणाचे मोजायचे? ज्या भावाच्या ओसरीवर ती झोपते, त्याचे? पोटगीची कथाही फार वेगळी नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. तालुक्याला तारखेला जायचे, रोज बुडवायचा, एसटीचे तिकीट काढायचे आणि फार तर ५०० रुपयांसाठी भांडायचे, यात किती जणी टिकल्या असतील?

आणि मग माहेर. मराठी मनाला माहेराइतके हळवे दुसरे काही नाही. जात्यावरच्या ओव्या, पंचमीचा झोका, भाऊबीजेची वाट. पण ही सगळी माया चार दिवसांच्या माहेरपणाची आहे. पाचव्या दिवशी शेजारीण विचारते, ‘कधी जायची गं?’ महिन्याने विचारणे थांबते आणि बघणे सुरू होते. सहा महिन्यांनी वहिनी पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवू लागते. वहिनीला खलनायिका करायचे कारण नाही. तीही कुणाच्या तरी घरात परकीच आली आहे आणि तिलाही आपल्या पोरांचे बघायचे आहे.

भावाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघाले, म्हणजे सव्वातीन एकर. त्यात कोरडवाहू, त्यात सोसायटीचे कर्ज. बहिणीच्या लग्नात बापाने अर्धा एकर गहाण टाकलेला असतो, तो भावाने सोडवलेला असतो. ‘तिचं तिला दिलं होतं की’, असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. जे दिले गेले ते मांडव, मानपान, सोने आणि हुंडा या रूपाने तिच्या सासरी गेले आणि तिथेच राहिले. तिच्या हाती त्यातले काही आले नाही, पण भावाच्या खिशातून मात्र गेले. दोघेही नाडलेले आहेत. तरीही दोघांच्या नाडले जाण्यात फरक आहे: त्याच्याकडे सातबारा उरतो.

हा सातबारा फक्त त्याचा का? महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच मुलीला, त्याआधी तिचे लग्न झालेले नसेल तर, वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो हिंदू मुलींना देशभर मिळाला, लग्नाची अट न राहता. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, ही शंकाही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवली. नसले तरी चालेल. कायदा इतका पुढे आला आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणी अजून हक्कसोडपत्रावर अंगठे उमटवताहेत. बहुतेक जणी राजीखुशीने. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती त्या राजीखुशीच्या पोटात असते. तुटू नये म्हणून ज्या माहेरासाठी सही केली, त्याच्या दारात कायमची उभी राहायची पाळी आली की त्या सहीची किंमत कळते. बहिणीच्या सहीनंतर तिला साडी-चोळी करण्याची रीत आहे. एकराच्या बदल्यात साडी. यात लाज वाटण्यासारखे काही आहे, असे फारसे कुणाला वाटत नाही, हे जास्त खटकते.

गोव्यात चित्र निराळे आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय जमीन विकता येत नाही, आणि लग्न संपले तर अर्धा वाटा तिचा. म्हणून तिथे सगळ्या बायका सुखी आहेत असे अजिबात नाही. पण भांडण कुठून सुरू होते ते ठिकाण बदलते. महाराष्ट्रातही तसा एक प्रयत्न झाला होता. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन करून दिली. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यासाठी गाजले. १९९२ मध्ये महसूल खात्यानेही परिपत्रक काढून नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. त्यानंतर मोहीम ओसरली, परिपत्रक फायलीत गेले.

जमीन नसलेली बाई काय करते? खुरपायला जाते, कांदे लावायला जाते, दुसऱ्याच्या शेळ्या अर्धलीने सांभाळते. बोकड विकला की निम्मे पैसे मालकाचे, निम्मे तिचे. पुढे जमलेच तर बचत गटाच्या कर्जातून स्वतःची शेळी, आणि बांधालगतचा एखादा तुकडा खंडाने. दानशूर मंडळी मात्र शिलाई मशीनच वाटतात. फोटो चांगला येतो. हजार वस्तीच्या गावात किती ब्लाऊज शिवले जातात आणि त्यातले किती उधारीवर, हा हिशेब देणाऱ्याने एकदा करावा. अंबाजोगाईला शैला लोहिया यांनी उभा केलेला मनस्विनी महिला प्रकल्प किंवा मराठवाड्यातल्या एकल महिलांच्या संघटना यांनी वेगळी गोष्ट केली: अशा बायकांना एकमेकींशी जोडून दिले. तहसीलला एकटी गेली तर ‘उद्या या’, दहा जणी गेल्या की खुर्ची सरकवली जाते.

मंगळसूत्राचेही असेच. नवऱ्याचे तोंड दहा वर्षांत पाहिलेले नसते, तरी ते गळ्यात ठेवावे लागते, कारण रात्री शेतात पाण्याची पाळी द्यायला जाताना ते उपयोगी पडते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. ठराव कागदावर किती आणि वागण्यात किती, हा वाद आहेच. पण गाव म्हणून काही ठरवता येते, एवढे त्यातून दिसले. टाकलेल्या बाईसाठी गावाने बसून काही ठरवल्याचे सहसा ऐकू येत नाही. तिच्यासाठी ठरवायच्या गोष्टी तर बांगड्यांहून रूक्ष आहेत: तिच्या खोलीची नोंद तिच्या नावाने नमुना आठवर घेणे, घरकुलाच्या यादीत तिला भावाच्या कुटुंबात न धरता स्वतंत्र धरणे, रेशनकार्ड वेगळे करायला ग्रामपंचायतीने लेखी दुजोरा देणे, ती विभक्त राहते असा पंचनामा करताना सासरच्या पाटलाच्या तोंडाकडे न पाहणे.

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती सभा रजिस्टरवर सह्या गोळा करण्यापुरती होते. ते रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरते तेव्हा माहेरी राहणाऱ्या बाईच्या नावापुढे, ‘ही आपल्याकडची की सासरची?’ असे शिपाई विचारतो.