वेलगुलाबाची छाटणी आणि गृहस्थाची अहिंसा

देवपूजेसाठी फुलझाड लावणाऱ्या गृहस्थापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. ज्या झाडाला नित्य पाणी घालावयाचे, त्याच्यावरच कात्री चालवावयाची आणि त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर निर्वाह करणारे जीव मारावयाचे, हे अहिंसेशी जुळावे कसे?

चिमुकल्या फुलांच्या वेलगुलाबाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो. याचे फूल जेमतेम दीड इंचाचे. वेल मात्र पुरुषभर उंच चढते. कॅलिफोर्नियातील राल्फ मूर (१९०७–२००९) यांनी आपले दीर्घ आयुष्य लघुगुलाबांच्या संकरात वेचले, त्यांतून अशा चढत्या जातीही निपजल्या. काकडीच्या वेलीसारखे तणावे गुलाबाला नसतात. म्हणून त्यास जाळीशी सैल सुतळीने बांधावे लागते. फांदी सरळ वर जाऊ दिली तर फुले शेंड्याशीच येतात आणि बुंधा उघडा राहतो, कारण शेंड्यात उत्पन्न होणारे द्रव्य खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. तीच फांदी आडवी वाकवून बांधली की डोळ्याडोळ्यातून फूट निघते. मैदानी प्रदेशांत पावसाळा सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, वाळक्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. मुख्य फांद्या राखून बाजूच्या फुटी दोनतीन डोळ्यांवर आणाव्यात.

हे करताना हात कचरतो. त्या कचरण्यात दया किती आणि मोह किती, हे ज्याचे त्यानेच तपासावे. रणांगणावर अर्जुनाला जे वाटले तेही वरकरणी करुणेसारखेच दिसत होते. भगवंतांनी त्याला हृदयाचे दौर्बल्य म्हटले. न छाटणारा स्वतःचा जीव दुखू नये एवढेच पाहतो, आणि इकडे फांदीची मर बुंध्याकडे उतरत जाते.

परंतु हे समाधान माव्यापाशी अपुरे पडते. फांदी गेली तरी झाड राहते. किडीचे मात्र सर्वस्व जाते. ‘फूल शेवटी देवालाच वाहावयाचे ना’ असे म्हणून मोकळे होणे ही पळवाट आहे. शास्त्रकारांनी गृहस्थाला असे मोकळे सोडलेले नाही. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही त्याच्या घरातील हिंसेची पाच स्थाने मनुस्मृतीने स्पष्ट सांगून त्यांच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ नेमून दिले. गीतेच्या अठराव्या अध्यायातही, धुराने अग्नी वेढलेला असावा तशी सर्व कर्मे दोषाने वेढलेली असतात, म्हणून सहज प्राप्त कर्म टाकू नये, असे सांगितले आहे. मात्र दोष अटळ आहे म्हणून तो वाढविण्यास मुभा मिळाली, असा अर्थ काढणे हा शुद्ध आळस होय.

मावा दिसताच विष फवारणारा माळी माव्याबरोबर त्याला खाणारे ठिपक्यांचे भुंगेरेही मारतो. मग मावा पुन्हा येतो तो शत्रूवाचून. आधी शेंडे बोटांनी पुसावेत, पाण्याच्या धारेने धुवावेत. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या अंगास लाल कोळी दिसल्यास तेथेही पाणी मारावे. एवढ्याने न भागल्यासच कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे, तेही मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी.

आणि ज्याला एवढेही करवत नाही, त्याने प्राजक्त लावावा. त्याची फुले पहाटे आपण होऊन गळतात, आणि भूमीवरून वेचलेली असूनही ती पूजेला चालतात.