विक्री की तारण?

मी बँकेत कारकून आहे. त्यामुळे 'विकला गेला' हे शब्द निवडणुकीच्या दिवसांखेरीज माझ्या कानांवर फारसे पडत नाहीत. पण गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी रात्री जेवताना आमटीचा भुरका मारला आणि जाहीर केले, "बाबा, मेटॅलिका १९९१ साली विकली गेली."

"केवढ्याला?" मी विचारले. वाणिज्य शाखेचा पदवीधर दुसरे काय विचारणार?

"कोण रे ही? गोखल्यांच्या खाली राहायची ती?" सौ.नी विचारले.

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. त्यांचे म्हणणे असे, की मेटॅलिका हा अमेरिकेतला रॉकवाल्यांचा ताफा. तो आधी वेगवान, कर्कश आणि म्हणून थोर होता. मग १९९१ साली त्यांनी गाणी सोपी केली, आखूड केली, आणि त्या एका अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. १९९६ साली पुढचा अल्बम आला, तर केसही कापलेले! थोडक्यात, विकले गेले. मी तीस वर्षे केस आखूड ठेवून आहे आणि माझ्या दीड प्रतीही खपलेल्या नाहीत, हे त्याला सांगावेसे वाटले. पण आमटी गार होत होती.

खरे प्रकरण नंतर कळले. चिरंजीवांचाही चौघांचा बँड आहे. रविवारी चार ते सहा आमच्या हॉलमध्ये त्याची तालीम चालते आणि सहा वाजून पाच मिनिटांनी सोसायटीचे सेक्रेटरी येतात. या बँडला नाक्यावरच्या साड्यांच्या दुकानाने उद्घाटनाला वाजवायला बोलावले होते. दोन तास, बारा हजार रुपये, आणि अट एकच : सगळी सिनेमाची गाणी. चिरंजीव आणि त्यांचा एक मित्र म्हणत होते, नाही म्हणजे नाही. ड्रमवाला आणि चौथा म्हणत होते, घेऊ या. ड्रमवाल्याचे ड्रम हप्त्यांवर घेतलेले, आणि पाच हप्ते बाकी. दोन विरुद्ध दोन. बँड फुटायच्या बेताला आला होता. म्हणून प्रकरण माझ्या टेबलावर आले.

मी ते कर्जप्रकरणासारखे अभ्यासाला घेतले. पहिली फाइल बॉब डिलनची. नुसती गिटार आणि माऊथऑर्गन घेऊन लोकगीते गाणारा हा माणूस १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी आरडाओरड केली. पुढल्या वर्षी १७ मे रोजी मँचेस्टरमध्ये तर प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "जुडास!" म्हणजे येशूला चांदीच्या तीस नाण्यांना विकणारा. आता गंमत बघा. या ओरडणाऱ्याने तिकीट काढले असणार. म्हणजे माझ्यासाठी गाशील तर कलावंत आणि शेजाऱ्याला आवडेल असे गाशील तर जुडास, असा हा हिशेब. त्याच डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. बदलणे म्हणजे विकले जाणे नव्हे, असा शेरा मारून मी ती फाइल बंद केली.

दुसरी फाइल बीटल्सची. हॅम्बर्गच्या क्लबांतून चामडी जाकिटे घालून वाजवणाऱ्या या पोरांना ब्रायन एप्स्टाइन नावाच्या मॅनेजरने १९६२ साली सूट-टाय चढवले. त्या दिवशी आमचे चिरंजीव तिथे असते तर त्यांनी अन्नत्यागच केला असता. पण पुढचे पाहा. ११ फेब्रुवारी १९६३ ला याच मंडळींनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली, कारण त्यांच्यासाठी स्टुडिओत जास्त वेळ आणि पैसा घालवायला तेव्हा कोणी तयार नव्हते. पैसा आला, नाव झाले, तेव्हा १९६६ साली त्यांनी जाहीर दौरे करणेच सोडून दिले आणि 'सार्जंट पेपर'साठी स्टुडिओत महिनेच्या महिने ठाण मांडले. टायच्या पैशांतून त्यांनी वेळ विकत घेतला. मी बावीस वर्षे टाय बांधतो आहे, पण माझ्या टायने अजून अर्ध्या दिवसाची रजासुद्धा मिळवून दिलेली नाही.

तिसरी फाइल उलट्या टोकाची. 'द केएलएफ' म्हणून इंग्लंडात एक जोडी होती. तिने २३ ऑगस्ट १९९४ रोजी स्कॉटलंडच्या जुरा बेटावर जाऊन कमाईतले दहा लाख पौंड जाळून टाकले. रोख! पन्नासाच्या नोटा! हे वाचून मला घाम फुटला. आमच्याकडे दिवसअखेर दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही तो सापडेपर्यंत उठत नाही. पण मला विचारायचे होते ते निराळेच : पैसे जाळून त्यांची गाणी अधिक चांगली झाली का? नाही. गाणी होती तशीच राहिली, जळले ते फक्त पैसे. तेव्हा पैसा हा आरोपीही नाही आणि साक्षीदारही नाही.

मग विकले जाते ते काय? याचे उत्तर मला डेव्हिड बोवीच्या फाइलमध्ये सापडले. या थोर गायकाने १९९७ साली काय करावे? आपल्या जुन्या पंचवीस अल्बमांच्या उत्पन्नावर रोखे काढले! साडेपाच कोटी डॉलर, मुदत दहा वर्षे, व्याज ७.९ टक्के. एका विमा कंपनीने सगळे घेतले. मधल्या काळात, २००४ साली, त्यांची पत रद्दीच्या एक पायरी वरपर्यंत घसरली, पण २००७ साली पै न् पै फिटली आणि गाण्यांचे उत्पन्न पुन्हा बोवीच्या हाती आले. मी खुर्चीतून उठलोच. अहो, याला विक्री म्हणत नाहीत, याला तारण म्हणतात!

हा भेद मी रोज काउंटरवर पाहतो. आमच्या शाखेत एक आजी आहेत. त्यांच्या पाटल्या सोनेतारणात आहेत. दर वर्षी येतात, व्याज भरतात आणि विचारतात, "आहेत ना रे माझ्या पाटल्या?" मी म्हणतो, "आहेत, आजी." त्यांनी पाटल्या विकलेल्या नाहीत. त्या विचारायला येतात तोवर विकलेल्या नाहीत. विचारणे थांबले की मग मात्र आम्ही लिलावाची नोटीस काढतो.

हे सगळे मी रविवारी चौघांना बसवून सांगितले. कला पोटासाठी गहाण टाकायला हरकत नाही. मात्र मुदत ठरलेली हवी आणि सोडवायची दानत हवी. ड्रमवाल्याचा चेहरा उजळला. पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, सोडवून घेईन असं सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणजे कोण?"

"तुम्ही. माळ्यावरची गिटार कोणाची आहे?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्या कोणत्याही रजिस्टरात उत्तर नव्हते. कॉलेजात मी वाजवत असे. फार बरे नव्हे, पण वाजवत असे. बँकेत लागलो तो दोन वर्षांसाठी. थोडे पैसे साठवायचे आणि मग बघायचे, असे मी तेव्हा मित्रांना सांगितले होते. त्याला बावीस वर्षे झाली. मला कोणी 'जुडास' म्हणून ओरडले नाही, कारण ओरडायला माझे प्रेक्षकच नव्हते. मेटॅलिकाचे निदान दीड कोटी साक्षीदार आहेत. आपण सामान्य माणसे विकली जातो तेव्हा कोणाला कळतही नाही. आपल्यालाही पगाराच्या चिठ्ठीवर वर्षे मोजतानाच कळते.

मी एवढेच म्हणालो, "माझी मुदत लिहिलेली नव्हती. तुम्ही लिहून ठेवा."

पोरांनी खरेच लिहिले. बारा हजारांतून आधी ड्रमचे हप्ते. वर्षात अशा चारच सुपाऱ्या, पाचवी नाही. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचे गाणे स्वतःचे. साक्षीदार म्हणून माझी सही. दुकानदाराने शेवटची अट कुरकुरत मान्य केली, कारण तोवर लोक पेढे घेऊन गेलेले असतात.

तसे ते गेलेही. शेवटचे गाणे दुकानाचा वॉचमन, एक लहान मुलगी आणि मी, असे तिघांनी ऐकले. मला त्यातले शब्द कळले नाहीत, पण चिरंजीवांचा चेहरा कळला. दोन तासांत तो पहिल्यांदा गाण्याकडे बघत होता.

रात्री मी माळ्यावरून गिटार काढली. एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. बोटे कळवळली. सौ. दाराशी येऊन म्हणाल्या, "हे काय, सोडवून आणलीत वाटतं?"

"छे," मी म्हटले, "तूर्त नुसतं व्याज भरतोय."