पित्याचे खरे स्मरण

माझे वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. स्मरणसभेत माझी मुले आजोबांच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टी सांगत होती. मला मात्र त्यांची छडी आठवत होती. मी गप्प राहिलो. मग खरे स्मरण कोणाचे?

उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात याकोब एकाच पुत्राला पायघोळ झगा देतो आणि घरात वैर वाढते. ४८ व्या अध्यायात तोच याकोब, दृष्टी मंदावलेला आजोबा, एफ्राईम व मनश्शे यांना कवटाळतो. पवित्र शास्त्र पहिली कथा खोडून टाकीत नाही. आईबापांचा मान राखणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे. छडी लपविली, तर तो हात मृदू करणारी देवाची कृपाही झाकली जाते.