शून्य अपघातांचा ठेकेदार

(चाकणच्या एका कारखान्यातली सेफ्टी ऑफिसर आणि कारखाने निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले तिचे मामा. मे संपत आलाय. शेडचे जुने सिमेंटचे पत्रे पावसाआधी बदलायचे आहेत.)

भाची: मामा, दोन कोटेशनं आलीत. एकाची फाईल बघत राहावी अशी. पीएफ, ईएसआयसी, आयएसओ ४५००१, तीन वर्षांत शून्य अपघात. दुसरा भाऊ-मेव्हण्यांना घेऊन चौघांत काम करतो. कागद म्हणाल तर आधार कार्ड. पण मागच्या वर्षी त्याला शेजारच्या शेडवर पाहिलंय. फळ्या टाकल्याशिवाय पत्र्यावर पाय ठेवत नाही, खाली जाळी स्वतः बांधतो, आभाळ आलं की माणसं उतरवतो.

मामा: आणि पहिल्याची माणसं?

भाची: ती अजून त्यालाही माहीत नसतील. काम मिळालं की तो पेटी काँट्रॅक्टरला देणार, तो नाक्यावरून आणणार.

मामा: म्हणजे तू तपासलेल्या फाईलमधलं कोणी पत्र्यावर चढणारच नाही. बरं, तीन वर्षं उंचीवरचं काम, आणि एकाचाही पाय मुरगळला नाही? दुखापतीमुळे कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर ते कळवायचं असतं. मी नोकरीभर पाहिलं, कळवत कोणी नाही. हजेरीपटावरून नाव तेवढं जातं. तुमच्या फॉर्ममध्ये अपघात लिहिला की गुण कापता ना?

भाची: कापतो.

मामा: मग खरं लिहिणारा पहिल्याच फेरीत बाद. शून्य त्याने लिहिलं, पण गिरवून घेतलं तुम्ही.

भाची: पटतंय. तरी कागदाला इतकं हसू नका. तो फळ्या टाकणारा उद्या पडला तर? सावध माणूसही पडतो. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि बोल्टपाशी पिचलेला असतो. ईएसआयसीत नाव असेल तर घरच्यांना मजुरीच्या ९० टक्के मिळत राहतात. नसेल तर गावाकडे वर्गणी. मी त्याचे हात बघून काम दिलं, याचं त्याच्या बायकोने काय करायचं?

मामा: मग त्या चौघांना तुमच्याच ईएसआयसी कोडवर घ्या. ठेकेदाराच्या माणसांचे पैसे मूळ मालकाने भरायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे, ही वाट ईएसआयच्या कायद्यात होतीच.

भाची: विचारलं होतं. अकाउंट्सवाले म्हणाले, मग ती आपली माणसं ठरतील.

मामा: हां, आता खरं बाहेर आलं. ठेकेदार तपासायचा तो माणूस पडू नये म्हणून, की पडला तर तो आपला नसावा म्हणून? १९२३च्या भरपाई कायद्याने ठेकेदाराच्या कामगाराचा भार मूळ मालकावर टाकला. पण ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलं असेल तरच. या अटीवर किती वकिलांची घरं उभी राहिली असतील! आम्ही गाड्यांचे सुटे भाग करतो, पत्रे बदलणं हा आमचा धंदा नाही, असं म्हणायला मालक मोकळे. छप्पर मात्र यांचंच.

भाची: मग काय, कागद नसलेल्यालाच घेऊ? माझं बघून दुसरी कंपनी कोणालाही घेईल. तुमच्यासारखी नजर सगळ्यांना नसते, म्हणून तर फॉर्म असतो.

मामा: फॉर्म असू दे की. दोन प्रश्न वाढव. वर कोण चढणार, त्यांची नावं. आणि पावसाने काम थांबलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठेकेदाराच्या हातात नाही. सगळ्यात कमी दर आणि सात जूनची तारीख तुमच्या परचेसने ठरवली. त्या दरात जाळी बसते का, हे कोणी तपासलं?

भाची: म्हणजे ठेकेदाराआधी आमचंच परचेस तपासायचं. माझं कोण ऐकतंय?

मामा: हाईट परमिटवर सही कोणाची?

भाची: माझी. नाही केली तर शेड गळेल, मशिनं भिजतील, आणि माझ्या जागी सही करणारा दुसरा कोणी येईल. तो फळ्या मोजणार नाही.

मामा: ही भीती खोटी नाही. पण याच भीतीवर सगळीकडे सह्या होतात.

भाची: परमिटवर लिहिते. फळ्या नि जाळी कंपनीची, चौघांची नावं आमच्या कोडवर, आभाळ आलं की काम बंद, मजुरी चालू.

मामा: ती मजुरी कुठल्या खात्यातून?

भाची: तेच उद्या साहेबांना विचारायचंय. नाही म्हणाले, तर म्हणेन लेखी द्या.