कुणाच्या रोजच्यासाठी?

बारामतीच्या एसटी स्टँडवर अण्णा घ्यायला आले होते. गाडीला किक मारायच्या आधी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"हे कशाचे?"

"बास्केटबॉलचे."

"तू खेळतोस?"

"नाही."

इंदापूर रोडला लागेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

त्यांचा प्रश्न तसा बरोबर होता. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा, मूळचा कोर्टवरचा. पीटर मूरने डिझाइन केलेला एअर जॉर्डन १ हा १९८५ चा. आजच्या खेळाच्या हिशोबाने दोघंही केव्हाच जुने झालेत. ज्या कामासाठी जन्माला आले त्यातून रिटायर झालेले हे बूट आपण ऑफिसला, कॉलेजला आणि (फोटो साक्षीला आहेत) लग्नालाही घालतो. हा खोटेपणा आहे का? मला नाही वाटत. जीन्सही एकेकाळी खाणीतल्या मजुरांची होती. वस्तूचं काम बदलतं, त्यात फसवणूक कसली?

बूट म्हणून पारखायचं तर सरळ सांगतो. जड असतात. घोट्यापर्यंतचा जोड आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पाय उकडून काढतो. दिसतात मात्र भारी. आणि जपून ठेवण्याचं म्हणाल, तर एअर जॉर्डन ४ सारख्या मॉडेल्सच्या मिडसोलमध्ये पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू तुटत जातं. खोक्यात न वापरता ठेवलेला जोडही काही वर्षांनी भुगा होऊ शकतो. म्हणजे जपणं हेसुद्धा झिजवणंच, फक्त चालायचं सुख वजा.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी त्या रात्री काय झालं ते सांगतो.

शेतीची लाइट रात्रीची होती. उसाला पाणी चालू होतं. अण्णा म्हणाले, तिकडची सरी भरली असेल, जरा दारं मोड. मी बांधावर उभा. खाली काळ्या मातीचा चिखल. बूट काढायचे तर एवढ्या लांब दोऱ्या सोडायच्या, फार तर एक मिनिट. मी ते मिनिट मनात मोजत राहिलो. तेवढ्यात अण्णाच गुडघ्यावर हात दाबत उतरले. मी मोबाइलचा टॉर्च धरला. टॉर्च!

तेव्हापासून 'रोजच्या वापराला चांगला बूट' म्हटलं की मी आधी विचारतो, कुणाचं रोज? माझं रोज म्हणजे पुण्यातलं एसी ऑफिस, कॅब, लिफ्ट. तिथे माझा जोड दहापैकी आठ. बांधावर शून्य, पण तो शून्य बुटाला देणं सोपं आहे. बुटाने मला थांबवलं नव्हतं. मीच त्याच्या किमतीशेजारी अण्णांचा गुडघा ठेवून बघितला होता, आणि उत्तर यायला वेळ लागला होता.

सकाळी उठलो तर बूट अंगणात नव्हते. ओसरीवर, पोत्यावर नीट ठेवलेले.

"दव पडतं रात्री," अण्णा म्हणाले. "महागाचे आहेत ना."