वहीतले पान

गुढीपाडवा जवळ आला, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत सालगडी ठरविण्याची बोलणी सुरू होतात. वर्षाची रक्कम किती, धान्य किती, उचल किती, हे चार माणसांसमक्ष ओसरीवर ठरते. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचल फिटेना म्हणून माणूस वर्षानुवर्षे एकाच दावणीला बांधला जाई. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली करावा लागला, तो उगीच नव्हे. तरी त्या बोलण्यात एक सरळपणा असे. सालगड्याला सालगडी म्हणत, रोजंदाराला रोजंदार. हे नाते पुढच्या पाडव्यापर्यंतचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असे.

हे आठवले ते खामगावच्या एका स्नेह्यांनी माझ्यापुढे ठेवलेल्या पेचामुळे. त्यांचे सरकी-ढेपेचे दुकान आहे. कामाला पाच माणसे. हजेरीच्या वहीत दोन पाने : एक ‘कायम’, दुसरे ‘हंगामी’. दुसऱ्या पानावरचा एक माणूस गेली अकरा वर्षे रोज सकाळी दुकानाचे कुलूप उघडतो आहे. घर बांधण्याच्या कर्जासाठी त्याला बँकेत नोकरीचा दाखला द्यायचा होता. स्नेही म्हणाले, “भाऊ, अकरा वर्षे लिहिली तर तो हंगामी कसा? आणि हंगामी लिहिले तर त्याला कर्ज कोण देणार? मजकूर तुम्हीच सांगा.”

मला मजकूर सुचेना. अडचण शब्दांची नव्हती, सत्याची होती.

हंगाम म्हणजे काय, हे खामगावला सांगावे लागत नाही. १८७० साली जलंबहून या गावापर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. दिवाळीच्या आगेमागे बाजारात कापूस येऊ लागतो, जिनिंगमधले रेचे फिरू लागतात, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. उन्हाळा तापला की सारे थंडावते. तेथल्या मजुराला हंगामी म्हणणे ही वस्तुस्थिती आहे. नव्या माणसाला काही महिने पारखून घेणे, यातही गैर नाही. पण ढेप गुराढोरांना बाराही महिने लागते. काम कायमचे असताना ते करणारा मात्र तात्पुरता, हे कसे? येथे वर्गवारी कामावरून ठरलेली नसते, मालकाच्या सोयीवरून ठरलेली असते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम केले, तर ती वर्षाची अखंड सेवा मानावी, हे माप १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. परंतु माप आले की पळवाट येते. २४० दिवस भरण्याआधीच माणसाला चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा ‘नवा’ म्हणून घ्यायचे. भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस माणसांची अट, म्हणून एकोणिसावर वही मिटायची. आणि पाच माणसांच्या दुकानात तर निरीक्षकाची पायधूळही क्वचितच झडते. जेथे कायद्याचा उंबरठा संपतो, तेथे सदसद्विवेकाचा सुरू होतो.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. स्नेही लबाड नाहीत. पाऊस रुसला, कापूस बुडाला, की त्यांची उधारी थकते. बोनस, रजा, उपदान यांचा भार कसा पेलायचा, हे भय खोटे नाही. मात्र त्या भयाचे करायचे काय? अनिश्चिततेचा भार दोघांनी उघडपणे वाटून घेणे वेगळे आणि एका शब्दाच्या आडोशाने तो सगळा दुबळ्याच्या डोक्यावर ठेवणे वेगळे. “वर्ष वाईट आहे, यंदा एवढेच देता येईल,” असे सांगणारा मालक गरीब असेल, पण अप्रामाणिक नसतो. अकरा वर्षांच्या सोबत्याला ‘हंगामी’ लिहिणारा मात्र शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्षच देतो, मग ती वहीत का असेना.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हाच गाभा मांडला : केवळ दोघांची संमती झाली म्हणून करार न्याय्य ठरत नाही, गरजेपोटी दिलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. आमचा तो माणूसही अकरा वर्षे ‘हो’च म्हणत आला होता. नाही म्हटले असते, तर जाणार कोठे?

मत्तयलिखित शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो आणि शेवटी आलेल्यांना पूर्ण दिनार कसा मिळाला, याच्याच नवलात राहतो. पण त्या धन्याने आणखी एक गोष्ट केली. दिवस मावळताना चौकात उभ्या असलेल्यांना त्याने आळशी ठरविले नाही. तुम्ही येथे का थांबलात, असे विचारले आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतले. तास मोजण्याआधी त्याने माणसे पाहिली. घरच्या चुलीला तासांचा हिशेब कळत नाही, हे त्याला ठाऊक होते.

१ मे हा १९५५ पासून कामकरी संत योसेफाचा सण आहे. त्या दिवशी आपण सुताराच्या हातांचे गुणगान करतो. आपल्या दुकानात, शेतात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांची नावे आपण कोणत्या पानावर लिहिली आहेत, हे पाहायलाही तोच दिवस बरा.

स्नेह्यांनी अखेर दाखला लिहिला. ‘अकरा वर्षांपासून माझ्याकडे नियमित कामास आहे’, एवढेच एक वाक्य, खाली सही. त्या माणसाने तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि काही न बोलता पोती उचलायला गेला.

वहीतले पान मात्र अजून बदललेले नाही. स्नेही म्हणतात, पाडव्याला नवी वही काढायची आहे. मी वाट पाहतो आहे. तोही पाहत असेल.